दगडोबा आणि समुद्रापलीकडचं मेंढरू

आमच्या गावात दगडोबाला कुणीही विचारावं, "काय आबा, मेंढरं कुठवर आली?" तो न चिडता सांगतो, "येतील की." मेंढरं येणार नाहीत हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि दगडोबालाही. ती दोन वर्षांपूर्वीच नायगावच्या एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत बसून गेली. माझी पिठाची गिरणी दगडोबाच्या घराला लागून आहे, तेव्हा ही थट्टा मी रोज ऐकतो आणि मूड असला तर स्वतःही करतो.

जळकोटच्या माळावर उभी हयात काढलेला हा धनगर. गुडघे गेले तेव्हा मुलगा दयानंद म्हणाला, आता मेंढरं विकून टाका. दयानंद आधी लातूरला बोअरच्या गाडीवर होता. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं तो थेट पेरू देशात गेला, तांब्याच्या खाणीवर भोकं पाडायला. पोराचा दगडोबाला अभिमान आहे, नाही असं नाही. पण मेंढरं गेली आणि माणूस पार उसवला. अजून पहाटे उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याचं काटेरी फाटक उघडतो, आतलं गवत उपटतो, दिवस मावळला की पुन्हा लावून घेतो. रस्त्यानं दुसऱ्याचा कळप चालला की हा आडवा जाणार, एखाद्या मेंढीचा पाय उचलून खूर बघणार आणि मालकाला चार शब्द सुनावणार. त्याची बायको तुळजाबाई कपाळावर हात मारून घेते.

दयानंदचा फोन माझ्या मोबाइलवर येतो, कारण दगडोबाच्या फोनमध्ये माणूस दिसत नाही. दर वेळी बाप म्हणतो, "दोन तरी घिऊ दे की रं." दर वेळी पोरगा म्हणतो, "तुमच्यानं चालवत न्हाई आबा, मागं कोण पळणार?" मी मधे बोलत नाही. मोबाइल माझा असला तरी भांडण त्यांचं आहे.

त्या रविवारी आमची रात्रीच्या जेवणाची वेळ, तिकडं सकाळ. दयानंद सुट्टीचा शहरात उतरून एका संग्रहालयात शिरला होता. "आबा, तुमच्यासाठी गंमत हाय," म्हणत त्यानं फोन फिरवला.

काचेच्या पेटीत मुठीत मावेल एवढं काळ्या दगडाचं जनावर उभं होतं. अंगभर लोकरीच्या बटा कोरलेल्या, कान टवकारलेले, आणि पाठीत वाटीसारखा गोल खळगा.

दगडोबानं मोबाइल पार नाकाला लावला. "मेंढरूच हाय! मान जरा लांब झाली, पण लोकर बघ. करणारा धनगरच असणार."

"मेंढरू न्हाई आबा. अल्पाका म्हणतात. उंटाच्या जातीतलं."

"उंट?" दगडोबाला हा घरचाच अपमान वाटला. "उंटाला असली लोकर असती का? बरं, पाठीत भोक कामून पाडलं?"

तिथली पाटी वाचून दयानंदनं सांगितलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडचे मेंढपाळ त्या खळग्यात चरबी भरायचे, कसला तरी पाला भरायचे, आणि ते दगडी जनावर कुरणात पुरायचे. त्यानं कळप वाढतो अशी श्रद्धा. ही वस्तू घरातलीच, पुरलेली पुन्हा काढून बापाकडून पोराकडं जायची.

"मग ह्या काचेत कशी आली?"

"कुठंतरी खोदताना सापडली असंल."

दगडोबा बराच वेळ त्या रिकाम्या खळग्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी बापानं पुरली, अन् पोरानं काढलीच न्हाई."

कुणाला लागावं म्हणून तो हे बोलला नव्हता. जनावराचं वाईट वाटलं आणि तोंडून निघून गेलं, इतकंच. पण पडद्यावरचं चित्र हललं, काच गेली, आणि दयानंदचा चेहरा आला. डोळे लाल झालेले.

"आबा," तो म्हणाला, "दोन घ्या. पैसे धाडतो. लई नका घिऊ, दोनच घ्या."

मी आनंदानं दगडोबाच्या पाठीवर थाप मारली. या एका शब्दासाठी त्यानं दोन वर्षं माझ्या बॅटऱ्या उतरवल्या होत्या. आता हसेल, तुळजाबाईला हाक मारेल असं वाटलं. त्यानं मान हलवली.

"न्हाई. मेंढरं नकोत आता."

"आत्तापर्यंत तर माझा नुसता जीव खात होता की!" दयानंद म्हणाला.

"माझ्यामागं त्येंला चरायला न्यायला कोण येणार हाय?" दगडोबा म्हणाला. "मला मेंढरं नकोत, दयानंद. तू ये."

आम्ही सगळा गाव इतके दिवस थट्टा करत होतो ती भलत्याच गोष्टीची, हे मला तेव्हा कळलं.

"पुढल्या वर्षी बघतो आबा," दयानंद म्हणाला.

"बघ."

बोलणं संपलं होतं. फोन बंद कसा करायचा ते दगडोबाला येत नाही, म्हणून तो तसाच हातात धरून बसला. दयानंदला येतं. त्यानंही केला नाही.