कच्च्या पपईचं पेप्टोन

मंगळवारी पुण्यात आमच्या लॅबमध्ये पेप्टोनचा नवा डबा उघडला... आणि त्या वासासरशी मी थेट केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजूला जाऊन पोहोचले.

पेप्टोन म्हणजे प्रथिनं तोडून केलेली पिवळसर पावडर. आम्ही लॅबमध्ये जिवाणू वाढवतो, त्यांचं हे जेवण.

माझी पहिली नोकरी तिकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात, जैविक खतांच्या लॅबमध्ये. लागोपाठ दुसरा दुष्काळ... ऊसच नाही, गाळप बंद. केमिस्ट साहेब सोडून गेले. उरलो मी आणि लॅब अटेंडंट कौसल्यामावशी.

आसपासच्या शेतांतल्या मातीतून काढलेले जिवाणू आमच्याकडे काचेच्या नळ्यांत होते. त्यांना दर महिन्याला ताजं खाणं लागायचं. पेप्टोन संपलं, ऑफिसने नवीन मागवायला नकार दिला. आता सगळे मरणार, एवढंच मला दिसत होतं.

मावशी टेबल पुसत होत्या. "म्याडम, ह्ये पेप्टोन मंजी नेमकं काय हाय वो?"

मी सांगितलं... मांस, सोयाबीन, कशातलंही प्रथिन बारीक तोडायचं, जिवाणूंना खाता येईल इतकं.

"मंग पपई घाला की! मटन जून निघालं की आमी कच्ची पपई लावतो. लई मऊ व्हतंय."

पपईच्या चिकातल्या, प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं... आणि सुचलं मावशींना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं सोयाबीन आणि कुठून तरी दोन कच्च्या पपया आणल्या. सोयाबीन शिजवून वाटलं, चीक घालून दिवसभर कोमट ठेवलं, फडक्यातून गाळलं. ते पाणी अगर घालून उकळलं, काचेच्या प्लेटमध्ये जेलीसारखं थिजवलं आणि त्यावर जिवाणू लावले.

तिसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके! मावशींनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. "जगले बगा," म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

दिवाळीनंतर लॅबला कुलूप लागलं. नळ्या मी एका कृषी महाविद्यालयात देऊन आले. मावशी नवऱ्यासोबत ऊसतोडीला कर्नाटकात गेल्या.

पुण्याच्या इंटरव्ह्यूत मी हाच प्रयोग सांगितला. "आयडिया कुणाची?" एका सरांनी विचारलं. मी म्हणाले, "माझी."

नोकरी लागली.

नंतर दोनदा तिकडे जाऊन आले. मावशींच्या घराला कुलूप. त्यांची ऊसतोडीची टोळी कुठल्या गावच्या फडावर आहे, कुणाला सांगता आलं नाही. त्यांच्याकडे फोनही नव्हता...

मंगळवारी डबा उघडल्यावर काम सुचेना. शेवटी टीममधल्या सगळ्यांना जवळ बोलावून खरं काय ते सांगितलं, मावशींचं नाव घेऊन. नऊ वर्षं लागली मला एवढ्याला.

केज भागातल्या कुणाला कौसल्यामावशी भेटल्या तर प्लीज एवढा निरोप द्या... त्यांची म्याडम त्यांना शोधतेय.