काय फोडलंस आजवर?

चिमटाकाकांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या नावावर कॉलेजच्या पोरांना अजून नोकऱ्या लागत होत्या. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक पोरांना अर्ज जाईपर्यंत काकांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

काका रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक होते. अंगाने काटकुळे आणि हातात सदानकदा तापलेली भांडी उचलायचा चिमटा, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीच्या वर्षी एका पोराने त्यांना रीतसर विचारून आपल्या नोकरीच्या अर्जाच्या तळाशी ओळखीची व्यक्ती म्हणून त्यांचं नाव आणि घरचा नंबर घातला. तो अर्ज कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, तिथल्या कॉम्प्युटरवर राहून गेला. पुढच्या पोराने त्यात आपलं नाव, आपले मार्क घातले. त्याच्या पुढच्याने तेच केलं. तळाची ओळ मात्र कुणी बदलली नाही. ती अर्जातच असते, जसे ‘ठिकाण’ आणि ‘दिनांक’ असतात, असा सगळ्यांचा ठाम समज.

त्यामुळे काकांना फोन येऊ लागले. अमका मुलगा कसा आहे, तमकी मुलगी भरवशाची आहे का. दुसरा कुणी असता तर राँग नंबर म्हणून मोकळा झाला असता. पण काकांच्या अंगात चौकसपणा ठासून भरलेला. “उद्या याच वेळी करा,” असं ते सांगत, समोरच्याकडून पोराचा नंबर घेत आणि त्याला घरी बोलावून घेत.

“तुम्हाला विचारलं का यातल्या एकाने तरी?” काकू दर वेळी म्हणत. “नाव तुमचं, फोन आपला आणि वर चहा माझा.”

“अगं, पण कोण आहे ते कळायला नको का?” काकांचं उत्तर ठरलेलं.

पोरगं आलं की काका त्याला एकच प्रश्न विचारत, “काय फोडलंस आजवर?” लॅबमध्ये तीस वर्षं त्यांनी फुटलेल्या काचसामानाची नोंद ठेवली होती. कुणी आपणहून येऊन सांगे, कुणी शेजाऱ्यावर ढकले, कुणी तुकडे बेसिनमागे सारून साळसूदपणे उभं राही. माणूस ओळखायला त्यांना एवढं पुरत असे.

त्या मंगळवारी फोन आला तो पाणी शुद्धीकरण केंद्रातून. तिथल्या मॅडमना पाणी तपासायला एक मुलगी हवी होती. आलेला अर्ज समोर होता. काका नेहमीप्रमाणे म्हणाले, “उद्या अकराला करा.”

मुलगी चारच्या सुमाराला आली. शेवटच्या वर्षाची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. परीक्षा महिन्यावर आली होती. नोकरी मिळाली नाही तर मोठ्या बहिणीच्या घरी तिची जुळी पोरं सांभाळायला जायचं, असं घरात ठरून गेलं होतं. हे तिने बसल्या बसल्या सांगून टाकलं.

“मला वाटलं, हे नाव कॉलेजातल्याच कुणाचं तरी असेल,” ती ओशाळून म्हणाली.

“असू दे. तिथल्या लॅबमध्येच होतो मी. काय फोडलंस आजवर?”

“काहीच नाही.”

काकांनी चष्मा काढला. तीन वर्षं लॅबमध्ये काढून काहीच न फोडलेलं माणूस त्यांना अजून भेटायचं होतं. काकूंनी आणलेला चहा निवत चालला. मग तिनेच विचारलं, “काका, कुणी काही फोडलं की तुम्हाला बोलणी बसायची का?”

“नोंद नसली की बसायची. का गं?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षापूर्वी तिच्या हातून थर्मामीटर फुटला होता. पारा कागदाने गोळा करून तिने तो थर्मामीटर परत डबीत घालून ठेवला होता. डबी तपासली नाही म्हणून लॅब सांभाळणाऱ्या दादांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. ती तिथेच उभी होती.

“त्यांना सांगितलंस?”

तिने नकारार्थी मान हलवली. “उद्या तुम्ही मॅडमना हे सांगणार?”

“मला माहीत आहे तेच मी सांगतो,” काका म्हणाले. पोरगी चहा न पिताच गेली, आणि काकांना रात्रभर चुटपुट लागून राहिली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि तिला त्या जुळ्यांच्या मागे धाडायचंही जिवावर आलं होतं.

सकाळी साडेदहालाच फोन वाजला. लॅबचे दादा होते, पूर्वी काकांच्याच हाताखाली शिकलेले.

“काका, एक मुलगी आत्ता येऊन गेली. तो थर्मामीटर आठवतो, ज्याच्यासाठी माझी खरडपट्टी निघाली होती? तिने फोडला होता. सरांनाही जाऊन सांगून आली. मी तर पार विसरून गेलो होतो.”

“विसरला नव्हतास,” काका म्हणाले.

“नाही. विसरलो नव्हतो.”

अकराला मॅडमचा फोन आला. “किती वर्षांची ओळख आहे?”

“कालपासूनची.”

काकांनी मग अर्जाच्या तळाची सगळी कथा सांगितली. मॅडमनी विचारलं, “मग मी तुम्हाला काय विचारू?”

“तिच्या हातून काही फुटलं तर ती सांगेल का, ते विचारा.”

“सांगेल?”

“सांगेल. मागच्या खेपेला दीड वर्ष लागलं. पण आज सकाळी सांगून आली.”

मॅडम म्हणाल्या, “आमच्याकडे चुकीचा आकडा पडला तर अख्खं गाव ते पाणी पितं. सोमवारी पाठवा तिला. आणि अर्ज नवा लिहायला सांगा. ह्यात तिचं स्वतःचं असं काहीच नाही.”

दुपारी ती काकांच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसली. दुकानात गेलीच नाही. खोडत, पुन्हा लिहीत तासाभराने तळाशी पोचली. थर्मामीटरही तिने चार ओळींत लिहिला होता. मग पेन थांबलं.

“काका,” ती म्हणाली, “इथे तुमचं नाव घालू का?”

काका तिच्याकडे बघत राहिले.

“अहो,” काकू आतून म्हणाल्या, “ती विचारतेय.”