तीन वेळा पिळून घेतलेली गाडी

डॉ. कुसुम माने नव्या माणसाला भेटल्या की आधी त्याचे दात बघायच्या. ही खोड वाईट आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण जनावरांच्या डॉक्टरकीत अर्धा जन्म गेलेला, त्यामुळं नजर आपोआप तिथंच जायची. धाराशिवच्या आमच्या घराचा खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता, तेव्हा त्या जागा बघायला आल्या. मी गेटात उभा राहून हसत "या, या" म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं रोखून बघितलं आणि विचारलं, "सर, औंदा रिटायर झालाव का?"

मी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालो होतो. कुणीतरी सांगितलं असणार, असं मला वाटलं.

"सांगायला कशाला पायजे? खालच्या दातावरनं कळतं की," त्या म्हणाल्या. "बैल असताव तर मालकाला सांगितलं असतं, आता ह्याला बाजारात नेऊ नका, घरीच राहू द्या."

माझी बायको निर्मला हे ऐकून इतकी हसली की भाडं ठरायच्या आधीच भाडेकरू ठरला.

बाई अंगानं दणकट. सलवार-कमीज आणि खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हा बारमाही वेश. सरकारी नोकरी मधेच सोडून त्या स्वतःच गावोगाव फिरायला लागल्या होत्या. एकट्याच राहायच्या. नवऱ्याचा विषय निर्मलानं एकदा हळूच काढला, तर म्हणाल्या, "माणूस चांगला हो वहिनी. पर त्याला माझा वास सहन झाला न्हाय." त्यात दुःख किती आणि थट्टा किती, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. वास मात्र खरा होता. फिनेल, शेण आणि आयोडीन यांचं ते मिश्रण जिन्यातून वर आलं की निर्मला चहाचं आधण वाढवायची.

जनावरांशी त्या फार मऊ बोलायच्या आणि मालकांशी फार कडक. "गाय खोटं बोलत न्हाय. तिला शेपूट हाय, मालकाला जीभ हाय, फरक एवढाच," असं म्हणायच्या. फोनवर एखादा शेतकरी म्हशीची लक्षणं सांगताना घुटमळायला लागला की हुकूम सुटायचा, "फोन म्हशीच्या तोंडाजवळ धरा, तुमच्यापेक्षा ती बरं सांगंल."

त्यांची डिझेलची जुनी गाडी हा आमच्या गल्लीचा स्वतंत्र विषय होता. तिचा स्टार्टर गेलेला. एकदा बंद केली की पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, म्हणून बाई सकाळी ती उतारावरून ढकलून चालू करायच्या आणि संध्याकाळपर्यंत बंदच करायच्या नाहीत. लोहारा असो, येरमाळा असो, गोठ्यासमोर गाडी धडधडत उभी आणि बाई आत इंजेक्शन देऊन, हात धुऊन लगेच पुढच्या गावाला. सबंध जिल्हा त्यांनी असा चालू इंजिनावर पिंजून काढला. तो आवाज जनावरांनाही पाठ झाला होता. गाडी वस्तीच्या वळणावर आली की एकदा सुई खाल्लेली म्हैस दावं तोडून रानात पळायची. बाईंच्या दिवसातला बराच वेळ पेशंट पकडण्यात जायचा.

शेवटी त्या गाडीचं इंजिनच बसलं. नवी गाडी घेणं भाग होतं आणि बाईंच्या मनात विजेवरची भरली होती.

मी गणिताचा मास्तर. माझ्याकडून कुणी सल्ला मागितला नव्हता, तरी मी कागद घेऊन बसलो. रोजचं फिरणं किती, एका चार्जमध्ये गाडी किती जाते, वाटेत चार्जिंग कुठं आहे, सगळं मांडलं. उत्तर नकारार्थी आलं. शहरात घर ते ऑफिस करणाऱ्याला ही गाडी ठीक. रात्रभर गेटात लावून ठेवली की सकाळी भरलेली. पण एकाच दिवशी लोहारा आणि भूम गाठणाऱ्या बाईला ती कुठंतरी रानात सोडून देणार. चार्जिंगची यंत्रं होती ती महामार्गावर, आणि म्हशी होत्या त्या महामार्गापासून लांब.

"गणित बरोबर हाय, सर," कागद बघून त्या म्हणाल्या. "फक्त त्यात गाडी न्हाय."

सोलापूरच्या शोरूममध्ये त्या मला बरोबर घेऊन गेल्या. विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा. एका चार्जमध्ये गाडी किती धावते त्याचा आकडा त्यानं सांगितला. बाईंनी विचारलं, "हा आकडा एसी लावून का बिनएसीचा? उन्हाळ्यातला का थंडीतला? माझ्या वजनाचा का तुमच्या?" तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आदर्श परिस्थितीतला."

"आदर्श परिस्थिती आमच्याकडं येत न्हाय," बाई म्हणाल्या. "व्यापारी बाजारात म्हशीचं दूध सांगतो ते वेगळं आनी घरच्या बादलीत पडतं ते वेगळं. मी तीन वेळा पिळल्याशिवाय जनावर घेत न्हाय. गाडी तीन दिवस द्या."

तीन दिवस द्यायला शोरूम तयार होईना. पण बाईंचा भाचा सोलापुरातच होता आणि त्याच्याकडं तीच गाडी होती. तो लग्नासाठी परगावी निघाला होता. बाईंनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "सर, तुमी पन चला. तुमचं गणित रस्त्यावर तपासू."

पहिल्या दिवशी आम्ही लोहाऱ्याकडं गेलो. गाडीला आवाज नाही, त्यामुळं एक अजब प्रकार घडला. आम्ही गोठ्यापर्यंत पोचलो तरी जनावरं रवंथ करत जागच्या जागी. एका म्हशीनं मान वळवून बाईंना बघितलं, तोवर सुई टोचून झाली होती. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वासघात मला अजून आठवतो. बाई खुशीत होत्या. "इतक्या वर्षांत पयल्यांदा पेशंट घरी सापडायलेत," म्हणाल्या. एका लांब उतारावर गाडीची बॅटरी उलट थोडी भरली, तेव्हा तर त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "बगा, उताराला चारा न खाता दूध देती."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बॅटरीत बऱ्यापैकी शिल्लक होती. माझं गणित मी खिशातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याकडं निघालो. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. एसी लावला आणि बॅटरीचा आकडा पायऱ्या उतराव्यात तसा उतरायला लागला. महामार्गावरच्या एका हॉटेलासमोर चार्जिंगचं यंत्र होतं, तिथं भरून घेऊ असं ठरलं होतं. यंत्राचा पडदा काळा. हॉटेलचा माणूस गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "दोन दिवस झाले, झोपलंय ते. चहा घ्या."

चहा घेत होतो तेवढ्यात फोन आला. ईट गावच्या शिवारातल्या एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचे पाय बाहेर, मान आत वळलेली. फोन नवनाथ नावाच्या शेतकऱ्याचा होता आणि आवाज कापत होता.

मी पटकन हिशोब केला. "मॅडम, जाऊ कसंबसं. पण परत येता येणार नाही."

बाई ग्लास ठेवून उठल्या. "बाळंतपणाला जानाऱ्यानं परतीचं बघू नये, सर. बसा."

एसी बंद, काचा खाली, बैलगाडीच्या बेतानं आम्ही ईटच्या रस्त्याला लागलो. मी घामानं निथळत आकड्याकडं बघत होतो, त्या रस्त्याकडं. वस्तीवर पोचलो तेव्हा बॅटरी अगदी तळाला गेली होती. बाईंनी तिकडं ढुंकून बघितलं नाही. बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, लांब हातमोजा चढवला, साबण चोळला आणि गाईच्या मागं गुडघे टेकले. गाय थकून आडवी झालेली. बाई डोळे मिटून आतल्या आत हातानं वासराची मान शोधत होत्या आणि गाईशी बोलत होत्या, "जरा दम धर माय, सापडलं, सापडलं." मग नवनाथला म्हणाल्या, "मी सांगंन तवा ओढ. आधी ओढलंस तर तुलाच इंजेक्शन दीन." बऱ्याच वेळानं मान सरळ झाली आणि वासरू बाहेर आलं. आधी ते हललं नाही. बाईंनी त्याच्या नाकात काडी घातली, उलटं धरून चोळलं, तेव्हा ते शिंकलं. नवनाथ खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

आता गाडी. नवनाथच्या घरातल्या पाण्याच्या मोटारीच्या प्लगमध्ये गाडीची वायर लावली, तर लाल दिवा. गाडी वीज घ्यायलाच तयार नव्हती. शोरूमला फोन केल्यावर कळलं की घराला नीट अर्थिंग नसेल तर ती चार्ज होत नाही.

"म्हंजे तिला जमीन लागती," बाई म्हणाल्या. "मग पाजा पानी जमिनीला."

नवनाथनं घरामागचा अर्थिंगचा खड्डा शोधला. त्यात मीठ टाकलं, चार-दोन बादल्या पाणी ओतलं. सगळी वस्ती गाडीभोवती जमली होती. दिवा हिरवा झाला तेव्हा एका म्हातारबानं गाडीला हात जोडले. मी वेळ काढला. घरगुती प्लगवर धाराशिव गाठण्याइतकी गाडी भरायला अख्खी दुपार आणि संध्याकाळ जाणार होती, तीही वीज गेली नाही तर.

आणि बाईंना पहिल्यांदाच एका गावात बसावं लागलं.

सुरुवातीला त्या पिंजऱ्यातल्या वाघासारख्या फेऱ्या मारत होत्या. मग ओसरीवर टेकल्या. कुणी लंगडी शेळी आणली, कुणी कानात किडे झालेलं कुत्रं, एकानं तर खोकणारा बाप आणला. "ह्याचं माझ्याकडं न्हाय, ह्यो दोन पायाचा हाय," म्हणून बाईंनी त्याला परत पाठवलं. हळूहळू पुरुषमंडळी पांगली आणि नवनाथची आई सोजरबाई, त्यांची सून संगीता आणि शेजारच्या बायका जवळ येऊन बसल्या. मी जरा लांब, कडुलिंबाखाली, पण बोलणं कानावर येत होतं.

बोलता बोलता एक बाई म्हणाली की त्यांची गाय औंदा सातव्या महिन्यात गाभडली, पोटातलं वासरू पडलं. दुसरी म्हणाली, आमची पण. सोजरबाई म्हणाल्या, मागल्या वर्षी आमच्या दोन. कुसुमबाईंचा चेहरा बदलला. पडलेलं वासरू, वार, ते सगळं कोण उचलतं, असं त्यांनी विचारलं.

"कोन उचलनार? आमीच की," संगीता म्हणाली. "हातानंच."

बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. पोरगी वाळलेली, डोळे खोल गेलेले. कितीतरी महिन्यांपासून तिला संध्याकाळी ताप यायचा, घाम सुटायचा, सांधे धरायचे. टायफॉइड म्हणून औषधं झाली, देवाचं झालं. घरात कुजबुज होती की ही कामाला टाळते. ती स्वतः मात्र खाली मान घालून म्हणाली, "मलाच कायतरी झालंय बाई."

"तुला काय झालं न्हाय. गाईचं दुखनं तुला लागलंय," कुसुमबाई म्हणाल्या. गाभडणाऱ्या गाईंचा एक आजार माणसालाही होतो, ताप सुटत नाही आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. मग सोजरबाईंवर उखडल्या. "मावशी, मी ह्या वस्तीवर इतक्या वेळा आले. गाई गाभडायल्यात हे एकदा तरी सांगायचं का न्हाय मला?"

सोजरबाई शांतपणे म्हणाल्या, "कवा सांगावं बाई? तुमी हात धुयेपर्यंत तुमची गाडी फुरफुरत असती. आमाला वाटतं, बाईला घाई हाय."

कुसुमबाईंनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ संगीताचा हात धरून बसल्या.

दिवस मावळायच्या सुमारास गाडी निघण्याइतकी भरली. परतताना मी गणिताविषयी एक शब्द बोललो नाही. बाईच म्हणाल्या, "सर, तुमचं उत्तर बरोबर आलं. लांबच्या फिरतीला ही गाडी बरी न्हाय. कुठंतरी बसवतीच."

"मग डिझेलच घ्यायची?"

"न्हाय. हीच."

तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पिळली नाही. संगीताला त्या गाडीतूनच जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्तात तोच आजार निघाला. गोळ्या लांबलचक चालल्या, पण पोरगी बरी झाली. वस्तीवरच्या सगळ्या गाई बाईंनी तपासल्या आणि प्रत्येक घरात हातमोजे देऊन बायकांना दम भरला.

बाईंची नवी गाडी आली आणि आमच्या गेटाजवळ जाड वायरचा प्लग बसला. फेऱ्यांची पद्धत बदलली. एका दिवशी एकच बाजू, आणि दुपारी गाडी ज्या वस्तीवर चार्जिंगला लावायची ती वस्ती आधीच ठरलेली. बाईंची गावं कमी झाली, गिऱ्हाईकं तुटली, काही जणांनी दुसरा डॉक्टर धरला. बाई म्हणायच्या, "जाऊ द्या, त्यांची म्हैस मला आवडत होती, ते न्हाय." उन्हाळ्यात दोनदा त्या वाटेत अडकल्या आणि गाडी ट्रॅक्टरमागं बांधून आल्या. गाडीला शिव्याही त्यांनीच घातल्या, दुसऱ्या कुणी घातलेल्या मात्र चालायच्या नाहीत.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. धाकट्या बहिणीकडं लोहाऱ्याला जायचं ठरवून त्यांनी आमचं घर सोडलं. सामान भरत असताना त्यांच्या फेऱ्या सांभाळणारे नवे डॉक्टर भेटायला आले. तरतरीत माणूस. त्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या फिरतीला ही गाडी जमते का? मी पण घ्यायचं म्हणतोय."

बाई खोक्यावर बसून त्यांना म्हणाल्या, "घरी प्लग नसंल तर नका घेऊ. असंल तर कुनाची तरी मागून आना. भर उन्हात, एसी लावून, तुमच्या रोजच्या वाटंनं फिरवा. कुठंतरी ती दगा देतीच. तिथं बसून रहा. कुनी चहाला बसा म्हणतंय का बगा. म्हणलं तर घ्या. न्हाय म्हणलं तर तुमच्यासाठी डिझेल बरी."

त्यांना ती थट्टा वाटली. ते हसले. निर्मला मात्र आत जाऊन डोळे पुसत होती.

महिन्याभरानं नवे डॉक्टर आमच्या गल्लीतून गेले. गाडी कोरी करकरीत, डिझेलची. मी लगेच लोहाऱ्याला फोन लावला आणि बाईंना बातमी सांगितली.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "कुनीच बसा म्हणलं न्हाय वाटतं त्याला."