शेजारणीची कुर्ती

झुलेखाबी आमची शेजारीण. काळीभोर, कुरळ्या दाट केसांची. ताडकळसच्या बाजारात टवाळ पोरं 'हबशीण' म्हणाली की ही कमरेवर हात ठिवून इचारायची, "हाय हबशीण. माझा पणजा दर्यापलीकडून आलता, निजामाच्या फौजेत घोड्यावर बसायचा. तुझा काय करायचा रे?" लय खट बाई.

नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं, तवा तिनंच आमाला लेकराबाळासगट घरात घेतलं. तितं ती कुर्ती पयल्यांदा बघितली. त्यांच्यात रीत होती. माणूस मेलं की आंघोळीच्या आधी त्याच्या अंगावरल्या कपड्याचं तळहाताएवढं ठिगळ लेकीनं कापायचं आन् घरच्या कुर्तीला जोडायचं. मधोमध पणज्याचं जाड निळं कापड, मग आजा, आजी, माय. आमी वाकळीला सरळ दोरे घालतो, ही गोल फेर धरून टाके घालायची. लेकीनं लग्नात तीच कुर्ती घालायची, म्हंजे वर गेलेल्यांना आपलं माणूस वळखू येतं म्हणं, जितं बी आन् मेलेलं बी.

तिची एकच लेक, मेहरून. बापावानी उजळ. तिला मानवतची सोयरीक आली, सोताला पठाण म्हणवणारी माणसं. माय उन्हात राबून काळी पडली, असं मधल्या माणसानं सांगून ठिवलेलं. पाव्हणे बसले आन् सासूचं ध्यान खुंटीवरल्या कुर्तीकडं गेलं. "ये क्या है?"

मेहरून खाली बघत म्हणली, "शेजारणीची हाय."

मी दारातच उभी. भर बाजारात पणज्याचं नाव घेणारी बाई नुसती माझ्याकडं बघायली. लेकीचं लगीन मोडंल म्हणून मीच पुढं झाले, "व्हय, माझीच," म्हणले आन् कुर्ती घरी आणली. मेहरून दुकानातल्या तांबड्या कपड्यात सासरी गेली.

परत द्यायला गेले तर झुलेखाबीनं घेतली न्हाई. "राहू दे तुझ्याकडं. मेहरून न्यायला येईल." कशाची येती. आजारात हातरूण धरलं तवा एकच धोशा, "सरजाबाई, कैची मेहरूनच्याच हातात दे. न्हाईतर मला तिकडं कोण वळखंल?"

मयतीला मेहरून आली, सासूबरूबर. आंघोळीच्या आधी मी कैची तिच्या हातात दिली. तिनं सासूकडं बघितलं आन् कैची खाली ठिवली. "मौसी, हे तुमच्यातलं. आमच्यात असलं करत न्हाईत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका नावापायी आमची घरं जळाली, आमी अजून ते नाव मागायलाव, आन् ही बया मायचं नाव टाकून मोकळी. पर मयतापुढं काय भांडावं?

बाया मयताच्या अंगावरले कपडे बाहीर टाकायल्या, तवा ठिगळ मीच कापलं. घरी सुई वोवली. तो गोल फेर मला येत न्हाई. आला असता तरी मी तिची कोण? ठिगळ कुर्तीत गुंडाळून ट्रंकेत ठिवलंय, तसंच सुटं.

मी मेले की माझी पोरं ट्रंक उघडतील. मायची जुनी वाकळ म्हणतील आन् फरशी पुसायला घेतील.