कुलपांचा पहारेकरी

पंक्चर काढणाऱ्या त्या गृहस्थाला गावात आता कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ॲडमिन म्हणत, आणि तोही सरकारी हुद्दा मिळाल्यासारखी मान डोलवत असे. गावाच्या सुरक्षेसाठी त्याने फोनवर ग्रुप काढला होता. दिसेल त्याला, अगदी हवा भरायला थांबलेल्या वाटसरूलाही, त्यात घेतलं होतं. माणसं वाढली की सुरक्षा वाढते, असा त्याचा साधासरळ हिशेब.

नियम एकच. घर बंद करून परगावी जायचं तर कुलपाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, म्हणजे सगळे लक्ष ठेवतील. लोक इमानेइतबारे फोटो टाकत. बाकीचे हात जोडल्याचं चित्र पाठवत आणि खाटेवर कूस बदलत. लक्ष ठेवायला जागचं उठावं लागतं, एवढी बारीक गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरली नव्हती.

त्याच्या आत्याकडे फोन नव्हता. शिलाई मशीन होतं, आणि त्याच्यावरच तिचं पोट. ती लेकीकडे निघाली तेव्हा भाच्याने तिच्या दारावरच्या कुलपाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

"हे कशाला रे?"

"तुझ्या भल्यासाठी. तू निवांत जा, आत्या."

आत्या परतली तेव्हा कोयंडा उखडलेला होता आणि मशीन गेलं होतं. पलंगावर कापून ठेवलेले शाळेचे गणवेश तेवढे जिथल्या तिथे होते.

ॲडमिन धावत आला. चोराचा बंदोबस्त करण्यासाठी त्याने आधी फोन उघडला.

"मी घरी नाही हे कुणाकुणाला ठाऊक होतं?" आत्याने विचारलं.

"गावाला."

"गावालाच?"

त्याने ग्रुपमधली नावं खालीवर केली. निम्म्यांची तोंडंही त्याला आठवेनात. आत्याच्या कुलपाच्या फोटोखाली एका अनोळखी नंबराने अदबीने विचारलं होतं, "दादा, आत्या कधी येणार?" त्याखाली ॲडमिनचंच उत्तर होतं, "परवा संध्याकाळी. तोवर जबाबदारी आपली."

त्याने ते वाचून दाखवलं. लपवावंसं फार वाटलं, पण आत्या समोरच उभी होती. लाजेने त्याचे कान तापले.

पलंगावर बसून आत्याने पहिला गणवेश मांडीवर ओढला.

"फोन ठेव तो," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवून दे. हाताने शिवायचं तर आजपासूनच बसायला हवं."