वाजवून आणलेलं मडकं

शाळेत मास्तरीण झाल्यावर एकदा एका जाड पुस्तकात मी एक चित्र पाहिलं. कोलंबस पोहोचण्याच्या कितीतरी आधीच्या अमेरिकेतला, मेलेल्या माणसाची हाडं ठेवायचा मातीचा कुंभ. त्याला नाक, डोळे आणि पोटावर दुमडलेले हात. सोबतच्या बाई शहारल्या आणि पान उलटायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. मला ते चित्र घरचं वाटलं. समुद्रापलीकडे कुठल्या तरी काळी कुणीतरी आपलं माणूस मातीच्या पोटात ठेवलं आणि त्याला जपलं. माझ्या आईनेही हेच केलं होतं.

माझे वडील भर आषाढात गेले. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं, खाडीच्या तोंडाशी. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तेव्हा मुंबईला होता. वडिलांना वाटे त्याने आपली होडी सांभाळावी. त्याला म्हणे खाऱ्या पाण्याचा कंटाळा होता. आणि गेला कुठे, तर गोदीत! निघताना दोघांचं कडाक्याचं वाजलं. "परत तोंड दाखवू नको," वडील म्हणाले, आणि त्याने खरंच दाखवलं नाही. आमच्या घरात हट्ट वंशपरंपरेने येतो.

पण अंथरुणाला खिळल्यावर वडील दारात सावली हलली की विचारायचे, "इलो?" म्हणजे, आला का? शेवटपर्यंत तेवढंच. म्हणून आई अडून बसली. दादाला तार केली होती. अग्नी काकाने दिला तो दिला, पण दादाचा हात लागल्याशिवाय अस्थी समुद्रात जाणार नाहीत, असं तिने काकाला सांगून टाकलं.

पावसाळ्यात बोटी बंद. मुंबईहून यायचं म्हणजे कोल्हापूरवरून आंबोलीचा घाट उतरून. त्यातच घाटात दरड कोसळल्याची बातमी आली, गाड्या थांबल्या. अस्थींचं मडकं घराच्या छपराखाली आणायचं नाही असा आमचा नेम. ते फडक्यात बांधून आवाराबाहेरच्या फणसाला टांगलं होतं. तिथे ते दादाची वाट बघत राहिलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घरात वापरायचं मडकं घेताना बायका ते बोटाने वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. मयताचं मडकं मात्र वाजवायचं नाही, निवडायचं नाही. कुंभार देईल ते मुकाट्याने उचलायचं. आमचा काका बाजारात एकेक वांगं दाबून बघणारा, बाजारवाल्यांचा जीव नकोसा करणारा. पण त्या दिवशी त्याने नेमाप्रमाणे मान खाली घातली आणि कुंभाराच्या हातातलं मडकं घेऊन आला. ते चिरलेलं निघालं.

मलाच ते आधी दिसलं. फडक्याच्या गाठीतून करडं पाणी ठिबकत होतं. मी ओरडले तशी सगळी धावली. काका आईला म्हणाला, "वैनी, आता पुरे. ह्या ओहोटीक सोडूया. झील येयसर माझो भाव हय मातयेत व्हावन जातलो."

मुलगा येईपर्यंत भाऊ इथेच मातीत वाहून जाईल, हे त्याचंही चुकत नव्हतं.  आमच्या घराण्यात अस्थींना मातीचंच भांडं लागे आणि तेही कोरं. कुंभाराची भट्टी पावसाळ्यात थंड, त्याच्याकडचं शेवटचं मडकं आम्हीच आणलेलं. शेजारीपाजारी मडकी होती, पण सगळी वापरातली.  आई पानांचं इरलं घेऊन फणसाखाली गेली आणि ते मडक्यावर धरून उभी राहिली. स्वतः भिजत होती.

गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडे, आमच्या किरिस्तांव शेजारणीचं घर. तिला आम्ही मावशी म्हणायचो. पोफळीसारखी उंच, आवाज असा की खाडीपलीकडची माणसं वळून बघतील. कोंबड्या परसात आल्या म्हणून आईशी तिचं महिन्यातून एकदा तरी भांडण ठरलेलं. ती गडग्याशी येऊन उभी राहिली, काय झालं ते तिने विचारून घेतलं आणि आत गेली. आली ती हातात कोरं मडकं घेऊन. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी त्यांच्यात नवरीला नारळाचा रस चोळतात, त्या रसासाठी तिने ते पावसाआधीच घेऊन ठेवलं होतं.

"मावशी, चेडवाच्या लग्नाचा मा ता?" आई म्हणाली.

"लग्नाक अजून वेळ आसा. दुसरा मेळतला." आणि तिने सगळ्यांसमोर मडकं टणटण वाजवलं. "आयकलंस? ह्या फुटूचा नाय."

काका दचकला. मयताचं मडकं कुणी वाजवतं? आई मात्र तिच्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "आणखी एकदा वाजव गो."

लग्नघरातले लोक मयताचा शब्दसुद्धा कानावर येऊ देत नाहीत. त्या बाईने लग्नाचं मडकं मयताला दिलं. ती आता नाही. तिची आठवण आली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

दादा आला तो चिखलाने माखलेला, घाट पायी उतरून. तो थेट फणसाकडे गेला, अस्थी भरून तिथे टांगलेलं मावशीचं मडकं सोडवून त्याने छातीशी धरलं. ओहोटीला अजून अवकाश होता. पाऊस कोसळत होता. घरात जायचं तर मडकं बाहेर ठेवावं लागणार, आणि तो ते हातातून सोडीना. तसाच भिजत उभा राहिला. आईने काकाकडे पाहिलं, काकाने जमिनीकडे.

तेवढ्यात गडग्यापलीकडून तो आवाज आला, "कित्याक भिजतंस रे? तुमचो नेम माझ्या घराक लागणा नाय. बापाशीक घेवन भितर ये."

काकाने आपली छत्री दादाच्या हातातल्या मडक्यावर धरली. "चल," म्हणाला.

दादा तिच्या ओसरीवर मडकं मांडीवर घेऊन बसला. मावशीने मेणबत्ती लावली आणि ती आत निघून गेली. आई आणि मी पायरीशी उभ्या होतो.  दादाने मडक्यावरचं पाणी सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि म्हणाला, "बाबा, इलंय मी."

मग तो बोलतच राहिला. गोदीतलं काम, खोलीतली माणसं, तिथले महागडे मासे, सगळं सांगत होता, ओहोटी लागेपर्यंत.