निळ्या टोपणाची नळी

कर्करोगाच्या रुग्णांचं रक्त शिरेतल्या शिरेत का साकळतं, हे शोधण्यात माझी बारा वर्षं गेली. हे वाक्य मी पूर्वी भाषणांत मोठ्या ऐटीत म्हणायचे. आता म्हणवत नाही.

काम तसं साधं. केमो घ्यायला आलेल्या माणसाचं थोडं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचं, यंत्रात फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचं पिवळसर पाणी फ्रीजरमध्ये ठेवायचं. मग सवडीनं ते किती वेगानं साकळतं ते मोजायचं. नळीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद. अभ्यास संपेपर्यंत उघडायची नाही, कारण नाव कळलं की मोजणाऱ्याचा हात सरळ राहत नाही. हा नियम विद्यार्थ्यांच्या डोक्यात मीच ठोकून ठोकून बसवलाय.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दर तीन आठवड्यांनी गडहिंग्लजहून एसटीनं कोल्हापूरला केमोला यायची. मी मागितलं म्हणून तिनंही रक्त दिलं. पुढं भेटेल तेव्हा विचारायची, "बघितलंस का माझं रगात? काय म्हणतंय?"

"अक्का, संशोधनाचं हाय ते. त्याचा रिपोर्ट कुणालाच मिळत न्हाय."

"सख्ख्या भैनीला पण न्हाय व्हय गं?" म्हणून हसायची.

एका दुपारी मोजताना एक नळी बाकीच्यांपेक्षा फारच लवकर साकळली. पुन्हा करून पाहिलं, तेच. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, कुणाचं असेल हो हे? डॉक्टरांना सांगायचं का?" मी तिला झापलं. यादीचं कपाट दहा पावलांवर होतं. नाव काढून डॉक्टरांना कळवलं असतं, तर त्या माणसाला वेळेत औषध मिळालं असतं. मी आकडा वहीत लिहिला आणि चहाला गेले.

त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. डावी पोटरी सुजली होती, ठणकत होती.

"एसटीत पाय लोंबकळत ठेवून बसतीस, दुसरं काय," मी म्हणाले. "पायाखाली उशी घे."

परक्या कुणी हेच सांगितलं असतं तर मी ओरडून त्याला दवाखान्यात पाठवलं असतं. घरच्या माणसाचं दुखणं मला दुखणंच वाटलं नाही. चार दिवसांनी अक्का न्हाणीतून बाहेर येता येता कोसळली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती.

यादी पुढच्या वर्षी रीतसर उघडली. ती नळी अक्काची होती. आलेखात तिचा ठिपका सगळ्यांच्या वर, आणि पुढे लिहिलेलं, 'मृत्यू'. सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं. आमची पद्धत खरी ठरली होती. अक्का जगली असती तर आलेख इतका देखणा झाला नसता, हे मला तिथंच कळलं आणि स्वतःची किळस आली.

त्यानंतर काही दिवसांनी दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, घरी आले. शेंगांची पिशवी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायले आणि मग विचारलं, "तिच्या त्या रक्तात आदी काय दिसलंतं काय गं?"

"न्हाय, दाजी."

"मग झालं तर," ते म्हणाले. "ती पण म्हणायची, काय असतं तर माझ्या भैनीनं सांगितलं असतं की."